आधी सिस्टरकडे

माझी मुलगी करुणा अमरावतीचं इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून वाशीमला परत आली, तेव्हा बसस्थानकावरून ती घरी आली नाही. बॅग घेऊन ऑटोत बसली आणि आधी एस्तेर सिस्टरच्या घरी गेली. आमचं घर त्याच वाटेवर आहे, म्हणजे ऑटो आमच्या फाटकासमोरून गेला. माझी बायको शालिनी तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला ऑटोतली लाल बॅग दिसलीसुद्धा. पण आपल्याच घरची बॅग आपल्या घरासमोरून पुढे कशी जाईल, म्हणून तिने लक्ष दिलं नाही.

हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. एस्तेर सिस्टरबद्दल आमच्या ख्रिस्ती मंडळीतले लोक फार आदराने बोलतात, आणि तो आदर खोटा नाही. पण मला त्यांचा हेवा वाटत असे. अजून वाटतो. त्या गेल्या तरी तो कमी झालेला नाही. तेव्हा मी जे लिहितो आहे ते त्या ऑटोकडे बघत लिहितो आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

सिस्टर म्हणजे कॉन्व्हेंटातल्या नन नव्हेत. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सिस्टर. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर पुसद नाक्याच्या मागे दोन खोल्यांत राहत. बुटक्या, काळ्या, अंगाने भरलेल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून; नाडी बघायची जुनी सवय. आणि हातात सदैव कादंबरी. सार्वजनिक वाचनालयात कोणी नेत नाही अशी फाटकी, डागाळलेली पुस्तकं शोधून त्या आणत. खूण म्हणून पानात गोळ्यांची रिकामी पट्टी. वाचताना ओठ हलत. हाती घेतलेलं पुस्तक, कितीही टुकार निघालं तरी, अर्ध्यात सोडत नसत.

"सोडून देलं तं त्या लोकायचं पुढं काय झालं ते कोण पाह्यन?" म्हणत.

कादंबरीत कोणी मेलं की त्या संध्याकाळी चूल पेटत नसे. मुरमुरे खाऊन झोपत. त्यांच्या शेजारणीला हे ठाऊक होतं. धूर दिसला नाही की ती भिंतीवरून विचारायची, "सिस्टरबाई, आज कोन गेलं वो?"

दुसऱ्याचं ऐकताना त्यांच्या तोंडी एकच शब्द असे. "मंग?" सल्ला नाही, वचन नाही, 'असं करायला नको होतंस' नाही. नुसतं "मंग?" आणि मान थोडी पुढे. समोरचा बोलत राही. करुणा लहानपणापासून त्या एका शब्दासाठी तिकडे पळायची.

मी शाळेत गणित शिकवतो आणि आमच्या लहानशा मंडळीचा सेक्रेटरी आहे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी रोज वाचतो. भिंतीवर तक्ता आहे. रोजचे अध्याय ठरलेले, वर्षाअखेर पूर्ण. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तशी माझी पद्धत आहे. सिस्टरने एकदा तो तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "मास्तर, तुमी वाचता का मोजता?"

शालिनी हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

आता पार्वतीचं सांगतो. करुणा तेव्हा लहान होती.

रविवारच्या उपासनेत आमच्याकडे प्रार्थनेच्या विनंत्या घेतात. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी. एका रविवारी सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पार्वतीसाठी प्रार्थना करा. नवरा सोडून गेला, पदरी लहान पोर, अन् सासू तिले घरात पाय ठेवू देऊन नाही राह्यली. गावची माणसं चांगली हायेत, पण तिच्याकडं कोणी पाहून नाही राह्यलं."  पाळकांनी प्रार्थना केली. पुढच्या रविवारी सिस्टर म्हणाल्या, पार्वती आता एका गिरणीच्या ओट्यावर झोपते. बायका रडल्या. सगुणाबाई म्हणून आमच्या मंडळीत एक म्हातारी होती; तिने तर गुडघ्यावर येऊन अशी प्रार्थना केली की मीही डोळे पुसले. त्यापुढच्या रविवारी सगुणाबाई पार्वतीसाठी एक नवी साडी घेऊन आली.

साडी पोचवायची तर पत्ता हवा. ते काम सेक्रेटरीचं. उपासना संपल्यावर मी विचारलं, "सिस्टर, पार्वती राहते कुठे? केनवडकडची का?"

सिस्टरने घड्याळाची तबकडी बाहेर फिरवली, परत आत फिरवली. मग म्हणाल्या, "पुस्तकात."

"कोणत्या पुस्तकात?"

"वाचून राह्यली न मी. अर्धं झालं."

मला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा मी संतापलो. जी बाई जगात नाही तिच्यासाठी मंडळीने देवापुढे रडायचं? मी सगळ्यांसमोर तसं म्हणालो. सिस्टर खरोखर ओशाळल्या. "मी फसवाले नाही सांगतलं, मास्तर. मले तिची लय काळजी वाटून राह्यलती. तोंडातून निघून गेलं. मंग तुमी सगळे रडाले लागले, तं मले सांगताच नाही आलं."

सगळे साडीकडे बघत होते. सगुणाबाईने ती घडी उचलली, छातीशी धरली आणि दाराकडे निघाली. दाराबाहेर सुमन उभी होती, आमचं आवार झाडणारी. तिचा नवराही तिला टाकून गेला होता, पोर कडेवर असे. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कधीपासून माहीत होतं. सगुणाबाईने साडी तिच्या हातात दिली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "पार्बती नसन तं नसन. हे तं हाये न?"

सुमनसाठी आमच्यापैकी कोणी कधी विनंती दिली नव्हती.

झालं ते चांगलंच झालं, हे मला दिसत होतं. पण माझी सेक्रेटरीची सगळी वर्षं, गृहभेटी, सभा, आणि सुमन आम्हाला दिसली ती एका चुकीमुळे! त्या दिवशी घरी जाताना करुणा सिस्टरचा हात धरून चालत होती आणि विचारत होती, "आजी, पण पार्वतीचं पुढे काय झालं?" मी मागून चाललो होतो. माझा हात रिकामा होता.

दुसरं भांडण शब्दावरून. सिस्टर मोठ्याने प्रार्थना करताना म्हणत, "बापा, तुही माया आमच्यावर राहू दे." मी त्यांना नीट समजावून सांगितलं. आपला शब्द प्रीती. माया म्हणजे भ्रम, लोकांचा गैरसमज होतो.

"माह्या मायनं मले कधी प्रीती नाही केली, मास्तर," त्या म्हणाल्या. "मायाच केली."

तेव्हा नाताळ जवळ आला होता आणि त्या मशीनवर मुलांच्या नाटकाचे झगे शिवत होत्या. एक झगा त्यांनी उलटा केला आणि शिवणीच्या आतली दुमडलेली पट्टी माझ्यासमोर धरली. चांगली रुंद होती.

"हे काय हाये?"

"वाया गेलेलं कापड," मी म्हणालो. खरं म्हणजे मी मनात हिशेब करत होतो की मापात शिवलं असतं तर एवढ्याच कापडात आणखी एक मेंढपाळ निघाला असता.

"यालेच माया म्हनतात. पोरगं वाढलं का उसवायचं अन् मोकळं करायचं. नेमक्या मापात शिवलेलं पुढच्या नाताळाले काखेत फाटते." झगा परत सुलटा करत त्या म्हणाल्या, "वरून दिसत नाही. पण आत पाह्यजे."

मी प्रीतीच म्हणत राहिलो. करुणा मात्र त्या वर्षापासून माया म्हणू लागली.

आता ऑटोवर येतो.

करुणा परत आली त्या संध्याकाळी सिस्टर स्वतः चालत आमच्याकडे आल्या. फाटकातूनच म्हणाल्या, "मास्तर, घाबरू नका. तुमची पोरगी माह्याकडं हाये. जेवली. झोपली."

शालिनी तशीच चप्पल घालून निघाली. सिस्टरने तिला जाऊ दिलं. मी निघालो तेव्हा मात्र मला हाताने बसवलं.

करुणा गणितात नापास झाली होती. एकदा नाही, दोनदा. हे तिने आम्हाला कळवलं नव्हतं. गणितातच. माझी मुलगी.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मी काय मारलं असतं? माझ्या घरावरून पुढे गेली ती, सिस्टर. तुमच्याकडे."

"तुमी रागावले असते म्हनून नाही. तुमी तिले परत शिकवाले बसले असते."

हे खरं होतं. मी वही काढली असती. पण ते त्यांनी मला सांगावं याचा मला इतका राग आला की मी म्हणालो, "उत्तर चुकलं तर चुकलं म्हणावंच लागतं. तुमच्या गोष्टीतल्यासारखं नसतं जगात."

"उत्तर चुकलं तरी पायऱ्यायचे मार्क देता न तुमी?"

आमच्या विषयात तसा नियम आहे. शेवटचं उत्तर चुकलं तरी आधीच्या पायऱ्या बरोबर असतील तर त्यांचे गुण द्यावे लागतात. मी काटेकोरपणे देतो. शाळेत त्यासाठी माझं नाव आहे.

"देतो," मी म्हणालो.

"माणसाच्या पायऱ्या आपल्याले दिसत नाही, मास्तर. नुसतं उत्तर दिसते. कोणी चोर, कोणी खोटारडं, कोणी नापास. गोष्टीत पायऱ्या दिसतात. एकदा दिसल्या का मंग माणूस टाकवत नाही." त्या उठल्या. "देवाले सगळ्यायच्याच दिसत असतीन. म्हनून त्याले माया येत असन."

चार-पाच दिवसांनी करुणा घरी राहायला आली. बरोबर एक फाटकं पुस्तक. मी विचारलं, सिस्टरने तुला काय उपदेश केला. ती म्हणाली, काहीच नाही, हे वाचायला दिलं. एका खोटं बोलणाऱ्या बाईची गोष्ट.

"पहिल्या पानावर ती मला अजिबात आवडली नाही, बाबा. आणि शेवटी मी तिच्यासाठी देवाकडे मागत होते. खरंच. पुस्तकातल्या बाईसाठी. मग मला वाटलं, देव मलापण असाच शेवटच्या पानापर्यंत वाचत असेल, तर..." वाक्य अर्धंच टाकून ती स्वयंपाकघरात गेली. पण त्या रात्री ती पोटभर जेवली.

मी काय केलं होतं ते सांगतो. देवाच्या प्रीतीवरची जितकी वचनं आहेत तितकी मी करुणाकडून लहानपणीच पाठ करून घेतली होती. अध्याय आणि ओवीच्या क्रमांकासह. वचनपाठाच्या स्पर्धेत तिचा पहिला नंबर ठरलेला. एकही शब्द चुकायचा नाही. आणि तीच गोष्ट तिच्या आत पोचवली ती वाचनालयाच्या एका डागाळलेल्या पुस्तकाने, जे सिस्टरने ओढ्यातून शिंपला उचलावा तसं सहज उचलून आणलं होतं. मी जन्मभर दार ठोठावलं आणि या बाई मागच्या दाराने आत जाऊन चहा पीत बसल्या. हेवा वाटणार नाही तर काय?

पुढे करुणाने विषय बदलला, ग्रंथपालाचं शिक्षण घेतलं आणि पुण्याला एका शाळेत लागली. त्याच सुमारास सिस्टरच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. अक्षरं दिसेनात. करुणा फोनवर म्हणाली, "बाबा, आजीला तुम्ही वाचून दाखवा ना." मी लगेच हो म्हणालो. कारण साधं होतं. करुणाचा फोन आधी त्यांच्याकडे येत असे. मी तिथे असलो तर मलाही ऐकू आला असता.

तेव्हा त्यांच्याकडे एक जाड कादंबरी होती. पहिली पानं फाटलेली. तिचं नाव मला आजही माहीत नाही. एका लहान स्टेशनच्या मास्तरची गोष्ट. मी वाचायला लागलो की सिस्टर म्हणत, "गणित नका सांगू मास्तर, गोष्ट सांगा." मी जरा हळू वाचायला लागलो.

हा स्टेशनमास्तर एक मिनिट इकडचं तिकडे होऊ देत नसे. सुरुवातीलाच त्याचा सख्खा भाऊ आजारी पोराला घेऊन धावत येतो, आणि हा गाडी थांबवत नाही. मी पुस्तक खाली ठेवून म्हणालो, "नियमाने बरोबर आहे." सिस्टर म्हणाल्या, "पुढं वाचा." बऱ्याच पानांनंतर कळलं की तरुणपणी त्याने एकदा कोणासाठी तरी गाडी थांबवली होती आणि त्यातून अपघात झाला होता. हे त्याने कोणाला सांगितलंच नव्हतं. मला एकदम त्याची कीव आली. घरी जेवताना मी शालिनीला त्याच्याबद्दल सांगत बसलो. शालिनी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग?"

मी दचकलो. तोही शब्द तिकडचाच.

शेवटाकडे तो म्हातारा झालेला, एकटा, त्याच स्टेशनच्या बाकावर रोज येऊन बसतो. कोणतीच गाडी पकडत नाही. तिथे मी वाचायचं थांबलो. मी विचारलं, "सिस्टर, याला घ्यायला कोणी येतं का हो?"

"तुमाले काय वाटते? यावं?"

"यावं."

"त्यानं गाडी नव्हती थांबवली, मास्तर. सख्ख्या भावासाठी."

"तरी यावं," मी म्हणालो. जोरातच म्हणालो.

सिस्टरने डोळे मिटले होते. "हे आता तुमाले वाटलं न, याच्यासाठी वाचतो मी. प्रवचनात देव माया करते असं ऐकतो. त्याले आतून कसं वाटत असन, ते अथी पुस्तकात जरासं समजते. जरासंच."

त्या आठवड्यात कारंज्याहून त्यांचा भाचा आला आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. एकटीने राहणं आता जमणार नव्हतं. कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं. पुस्तक माझ्याजवळ होतं. मी ते उघडलं नाही. त्यांच्याशिवाय पुढे जाणं मला चोरीसारखं वाटलं.

नाताळाच्या आधी करुणाचा फोन आला. सुट्टी मिळाली होती. पुण्याहून नागपूरकडे जाणारी ट्रॅव्हल्स कारंज्यावरूनच जाते. "बाबा, मी आधी कारंज्याला उतरते, आजीला भेटते, आणि मग घरी येते. चालेल ना?"

चालेल, मी म्हणालो. फोन ठेवला. शालिनीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून, काय झालं?"

"काही नाही. पुन्हा आधी सिस्टरकडे."

त्या दिवशी मी पहाटेच्या एसटीने कारंज्याला निघालो. पिशवीत ती कादंबरी होती. म्हणजे कारण होतं. पण खरं काय ते मला ठाऊक होतं. मुलगी जिथे आधी जाणार तिथे तिच्या आधी जाऊन बसायचं. दुसरा काही मार्ग मला सुचला नव्हता.

भाच्याचं घर कापूस बाजाराच्या मागे. घरात सिस्टर एकट्याच, पुढच्या खोलीत खाटेवर. खूप वाळल्या होत्या. घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं. मी दारात पाऊल टाकलं तशा म्हणाल्या, "मास्तर. चपला घासतच चालता अजून."

"करुणा आली का?"

त्या हसल्या. हसता हसता खोकला आला. "म्हनजे मले भेटाले नाही आले. शर्यत लावून आले."

मी खाटेशेजारी बसलो. पिशवीतून पुस्तक काढलं. "वाचू? शेवटचं प्रकरण आहे."

"वाचा."

मी दोन-तीन पानं वाचली असतील. बाकावर सावली पडली, म्हाताऱ्याने मान वर केली, इथपर्यंत. तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं. सिस्टरने हात पुढे करून पुस्तक माझ्याकडून घेतलं, पानात बोट घालून मिटलं आणि गोधडी छातीपर्यंत ओढली.

"तिले सांगजा, आजी झोपली हाये. उठवू नको म्हना."

"अहो, पण ती तुम्हालाच भेटायला आली आहे."

"दार उघडा, मास्तर." आणि डोळे मिटले.

दारात करुणा. खांद्याला तीच जुनी लाल बॅग. "बाबा? तुम्ही इथे?"

"आजी झोपली आहे," मी म्हणालो. एवढं खोटं मी प्रथमच बोलत होतो असं नाही, पण इतक्या वाईट आवाजात कधी बोललो नसेन.

ती ओट्यावर बसली. मी शेजारी बसलो. दार अर्धं उघडं होतं.  मग तिने बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत हळूच सांगितलं, "आजीला विचारायचं होतं, तुम्हाला कसं सांगू ते. शाळेने वाचनालयाचे तास कमी केलेत. मला पाचवीला गणित शिकवायला सांगितलंय, बाबा. नाही म्हटलं तर नोकरी जाईल. आणि मला फळ्यासमोर उभं राहिलं की अमरावतीचा पेपर आठवतो. खडू हातात तसाच राहतो. मुलं बघतात."

माझ्या डोक्यात एकदम पाचवीचा सगळा अभ्यासक्रम उभा राहिला. अपूर्णांक कशाने सुरू करायचे, कोणती चूक मुलं हमखास करतात. ओठापर्यंत आलं होतं.

"मग?" मी म्हणालो.

तिने चमकून माझ्याकडे पाहिलं. आणि बोलायला लागली. पहिल्यापासून. अमरावतीच्या खोलीपासून, पहिल्या निकालापासून, आमच्या फाटकावरून पुढे गेलेल्या ऑटोपासून. "घर दिसलं होतं, बाबा. आई कपडे वाळत घालत होती. मी ऑटोवाल्याला थांब म्हणणार होते." मी मधे बोललो नाही. आजीची झोप मोडू नये म्हणून ती अगदी खालच्या आवाजात, माझ्याजवळ सरकून बोलत होती.

मी एकदा मागे वळून अर्ध्या दारातून आत पाहिलं. त्या भेटीनंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. उन्हाळ्यात त्या गेल्या. त्या वेळी मात्र खाटेवर सिस्टर डोळे मिटून पडल्या होत्या. बोट पुस्तकात तसंच. मान दाराकडे किंचित पुढे झालेली. आणि वाचताना हलत तसे ओठ हलत होते.

करुणानेही वाकून बघितलं. "किती गाढ झोपली आहे नाही आजी?" ती म्हणाली.

मला हेवा वाटला. इतकं चांगलं सोंग मला कधीच वठवता आलं नसतं.